छपरावरच्या आकाशाचा मालक

ड्रोन नवे नवे होते तेव्हाची गोष्ट. एक ड्रोन डोंगरावरच्या वाडीत बाजारातून बेसन आणायचा आणि जाताना वाडीतली करवंदं विकायला न्यायचा. त्याच्या जिवावर पारूबाईंची भज्यांची गाडी जोरात चालली होती, आणि सांडलेल्या भज्यांवर कावळा गुबगुबीत झाला होता.

एकदा कावळा ड्रोनवर खेकसला, “छपरापासून ढगापर्यंत सगळं आमचं! परवानगी कोणाची घेतलीस?” वर चोची मारून त्यानं त्याला पिटाळलं. ड्रोन पुन्हा फिरकला नाही.

बेसन संपलं, गाडी बंद पडली. कावळ्याच्याच पोटात कावळे ओरडू लागले. मग तो छपरावर बसून घसा फुटेस्तोवर काव काव करू लागला.

पारूबाई वैतागल्या. “मेल्या, कोण पाहुणा येणार आहे?”

“तोच,” कावळा म्हणाला, “बोलवा त्याला! परवानगीचं माझ्याकडे लागलं.”