शिंपिणीने घेतलेला लॅपटॉप

एका गावात एक शिंपीण राहत होती. तिच्याकडे कपडे शिवायला टाकणारे थोडे होते, सल्ला देणारे मात्र भरपूर.

तिच्या लेकीला एका छापखान्याचा मजकूर घरी बसून टाइप करण्याचं काम मिळालं. सोमवारी सुरुवात, पण लॅपटॉप आपला आपण आणायचा. शिंपिणीने दुसऱ्या शिलाई मशीनसाठी साठवलेले पैसे काढले. लॅपटॉप कुचकामी निघाला तर मशीनही गेलं आणि लेकीचं कामही, या विचाराने तिला घास गोड लागेना.

बातमी चावडीवर पोचली.

“सोळा जीबीच्या खाली बघूसुद्धा नकोस,” निवृत्त हवालदार म्हणाले.

“जीबी म्हणजे काय हो, दादा?”

“ते तुला कळायचं नाही. पण सोळा.”

ग्राफिक्स कार्ड नसेल तर तो लॅपटॉप नव्हे, पोळपाट, असं सरपंचांचं मत पडलं. ते स्वतः आपल्या लॅपटॉपवर चार वर्षं पत्ते खेळत होते. गुरुजींच्या बायकोने रंग तेवढा लाल बघायला सांगितलं. सगळ्या सल्ल्यांत शिंपिणीला कळलेला तो एकच.

शनिवारी मायलेकी तालुक्याच्या दुकानात गेल्या. दुकानदाराने मोठा, लालभडक लॅपटॉप पुढे ठेवला. “तुमच्या बजेटात फाइली साठवायला याच्याएवढी जागा दुसऱ्या कशात नाही, मावशी. बांधू?”

शिंपिणीचा हात पिशवीकडे गेला आणि थांबला.

“आम्ही शिलाई मशीन घेतो ना, तेव्हा घरचं कापड नेऊन दुकानातच शिवून बघतो. पोरी, बस. तुझं काम इथंच कर.”

“अहो मावशी, लॅपटॉप घेताना असं कोणी करत नाही!”

“म्हणून तर सगळे नंतर चावडीवर बसून रडतात.”

लेक बसली. लाल लॅपटॉप सुरू होईपर्यंत दुकानदाराने दोन गिऱ्हाइकं वाटेला लावली. छापखान्याच्या नमुन्याची फाइल उघडून तिने सोबत व्हिडिओ कॉल लावला, तर पडदा जागीच थिजला.

“नवीन आहे, जरा बुजतोय,” दुकानदार म्हणाला.

“लॅपटॉप आहे का नवरदेव? तो कोपऱ्यातला दाखवा.”

कोपऱ्यातला राखाडी रंगाचा होता. आठ जीबी, आणि साठवण कमी पण वेगवान एसएसडीची. मिनिटभराच्या आत सुरू झाला. फाइल, व्हिडिओ कॉल, इंटरनेटची दहा पानं, सगळं एकदम चाललं. लेकीने चार्जर काढून अर्धा तास टाइप केलं.

“आई, हा कुठे अडतच नाही गं!”

“बिघडला तर दाखवायचा कुठे?” शिंपिणीने विचारलं.

“मागच्याच गल्लीत, मावशी. वर्षभर फुकट.” दुकानदाराने घाम पुसला.

सोमवारी दुपारपर्यंत लेकीने आठ पानं पाठवली. संध्याकाळी छापखान्यातून निरोप आला, ‘काम स्वच्छ आहे. उद्यापासून रोज दहा पानं देऊ.’ शिंपिणीने तो दोनदा वाचून घेतला, मोठा सुस्कारा सोडला, आणि तीन दिवसांनी पोटभर जेवली.

तात्पर्य: वस्तू घेताना सल्ला दहा जणांचा ऐकावा, पण काम आपलं करून बघावं. लॅपटॉपला निदान वर्षाची वॉरंटी असते, सल्ल्याला तीही नसते.