टोपलीभर पाणी

श्री वनगीर महाराज निंबदरीस आले तेव्हा त्यांच्याजवळ एक कफनी, एक चिमटा आणि एक नारळाची करवंटी होती. डोहाकाठच्या उंबराखाली त्यांनी आसन मांडले. गावात कारागिरांची सहा घरे होती: कुंभार, तांबट, सुतार, पाथरवट, चर्मकार आणि बुरूड. डोंगरावर वाघजाईचे देऊळ होते आणि डोहापासून तिथवर एक खडी पाऊलवाट होती.

त्या गावची एक रीत होती. चैत्री पौर्णिमेला देवीच्या स्नानाचे पाणी डोहातून वर न्यायचे आणि तो मान दरवर्षी एकेका कारागिराच्या घराकडे जायचा. अट एकच. पाणी ज्याने न्यायचे, भांडेही त्याच्याच घरच्या हातांनी घडलेले हवे. कुंभार घागर नेई, तांबट हंडा नेई, सुतार काठवट नेई. चर्मकाराची पखाल देवीला चाले. वाघजाईला विटाळ ठाऊक नव्हता. पाथरवटाची दगडी कुंडी तर चौघे जण बांबूला टांगून वर चढवत आणि वर पोचल्यावर आधी स्वतःच पाणी मागत.

राहिले बुरडाचे घर. टोपलीत पाणी कसे राहणार? म्हणून त्यांच्याकडे फुलांची टोपली आली. ती डोक्यावर घेऊन बुरडाची सून मिरवणुकीच्या पुढे चाले. हल्ली तो मान भिवराबाईकडे होता. नवरा रानातून कळकाचे बांबू तोडून आणी, ती विणी. वर्षभर दुरड्या आणि सुपे विणणारी भिवरा त्या एका सकाळी गावाच्या पुढे असे, आणि तेवढ्यावर तिचे वर्ष सुखात जाई.

त्या वर्षी उत्सवाची बैठक उंबराखाली भरली. महाराजांनी सगळे ऐकून घेतले आणि सहज विचारले, "पाच घरांनी पाणी नेलं. सहाव्याचा मान कधी?"

बैठक खदखदून हसली. नारोशेट तांबट सर्वांत मोठ्याने हसले. त्यांच्या हंड्यांना पाच गावांत तोड नव्हती, आणि हे ते स्वतःच पाच गावांत सांगत असत.

"टोपलीत पाणी, महाराज? मग चाळणीत दूध आणू, जाळ्यात वारा भरू! काय गं भिवरे, नेशील का?"

भिवराने मान खाली घातली. महाराज म्हणाले, "नेईल की. यंदाचा मान बुरडाच्या घराचा."

नारोशेटांचे हसू थांबले. "ठीक आहे. पण पाणी वर पोचलं नाही, तर देवीचं स्नान चुकल्याचं पाप हिच्या माथी. आणि पुढल्या वर्षापासून फुलंसुद्धा माझ्या पितळी तबकातून जातील. टोपलीचं कामच नको!"

पंचांनी माना हलवल्या. भिवराने पदराने डोळे पुसले. नवे मिळायचे राहिले, होते तेही चालले!

सगळे उठल्यावर ती महाराजांपुढे बसली. "महाराज, हे काय करून बसलात? आता टोपलीला आतून राळ लावू का?"

"राळ तुझ्या हातची का?"

"नाही जी. बाजारातली."

"मग कशी चालेल? विणायला कुणी शिकवलं तुला?"

"सासूबाईंनी. त्या म्हणायच्या, आपलं घराणं सुगरणीकडून शिकलं."

"मग गुरूकडेच जा."

भिवराला रडता रडता हसू आले. "अहो महाराज, घरटं नर विणतो. सुगरण नुसती येते, आत डोकावते आणि नाक मुरडून जाते."

महाराज खळखळून हसले. म्हणाले, "उत्तमच झालं! तू वीण. नाक मुरडायला नारोशेट आहेतच."

दुसऱ्या दिवशी ती मळ्यातल्या विहिरीवर गेली. चैत्रात सुगरण पक्षी विणत नाहीत. गेल्या पावसाळ्यातली रिकामी घरटी बाभळीला लोंबत होती. सगळा पाऊस अंगावर घेऊनही एकाचीही वीण उसवली नव्हती. तिने एक घरटे हातात धरून फिरवून पाहिले. गवताची काडी कुठून निघते आणि कुठे जाते, ते बोटाने शोधत राहिली. टोक काही सापडले नाही.

मग तिने कळक चिरले. कामट्या तासून तासून इतक्या पातळ केल्या की त्यांतून ऊन दिसावे. संध्याकाळी शेजारणी ओसरीवर येऊन बसत. कामटीला हात लावायची त्यांना मनाई होती, पण गळ्यांना कुणाची मनाई नव्हती.

"उभी गं कामटी, आडवी गं पात,
देवीच्या टोपलीला साऱ्या गावाची साथ."

नारोशेट मुद्दाम त्या वाटेने जात आणि विचारत, "झाली का चाळणी?" ते गेले की भिवराचे ओठ मिटत आणि हात अधिकच वेगाने चालू लागत.

पौर्णिमेच्या सकाळी टोपली तयार झाली. इतकी सुबक टोपली गावाने पाहिली नव्हती. ढोल वाजू लागले, सारे गाव डोहावर जमले. नारोशेट आपला लखलखता हंडा घेऊन आले होते. "असू दे बरोबर," ते म्हणाले, "देवी पारोशी राहायला नको."

भिवराने टोपली बुडवली, उचलली. पाणी चहूबाजूंनी धो धो गळून गेले. ओली कामटी फुगते आणि भेग थोडी मिटते हे खरे. म्हणून तिने टोपली जरा वेळ पाण्यातच ठेवली आणि पुन्हा उचलली. या वेळी पाणी जरा सावकाश गळले. पण गळले सगळेच.

"आंघोळ झाली, पण टोपलीची!" नारोशेट म्हणाले आणि लोक हसले. ढोल थांबले. भिवराच्या डोळ्यांना धारा लागल्या.

महाराज गुडघाभर पाण्यात उतरले. हळूच म्हणाले, "भिवरा, खरं सांग. विणताना मनात कोण होतं?"

 ती नाक पुसून म्हणाली, "नारोशेट."

"आणि दरवर्षी फुलांची टोपली विणतेस तेव्हा?"

"तेव्हा? तेव्हा फुलं असतात, जी. मोगरा, चाफा. देवीचा मुखवटा असतो."

"अगं, मग नारोशेटांना काठावर राहू दे. एवढे जड गृहस्थ टोपलीत बसवलेस तर ती फाटणारच!"

भिवरा ओल्या डोळ्यांनीच फिस्सकन हसली. तिने डोहाकडे पाहिले. पाण्यात उंबराची सावली होती, डोंगर होता आणि डोंगरावरचे छोटेसे देऊळही होते, उलटे, हलणारे. देऊळ तर इथेच आहे, तिच्या मनात आले, नुसते उचलून न्यायचे. "आई, चल घरी," ती पुटपुटली आणि तिने टोपली बुडवून वर उचलली.

पाणी टोपलीत राहिले!

 कुंभाराची म्हातारी ओरडली, "अगं बया, थांबलं की!" आणि जे ढोल वाजले म्हणता! बायकांनी टोपली भिवराच्या डोक्यावर चढवली. मिरवणूक पाऊलवाटेला लागली.

नारोशेटांचा विश्वास बसेना. आता गळेल, मग गळेल, असे म्हणत ते भिवराच्या मागोमाग निघाले. देह उंच, भिवरा ठेंगणी. टोपलीच्या तळाखाली तळहात धरायला त्यांना कमरेत वाकावे लागले. साऱ्या चढावर ते तसेच वाकून, हात पसरून चालत होते.

"शेटजी, काही पडलं का हो?" बायका विचारत.

"अजून नाही," नारोशेट धापा टाकत म्हणत. पुढे पुढे तर त्यांचा आवाजच बदलला. शेवटच्या वळणावर ते कुणी न विचारताच म्हणाले, "सांभाळ गं पोरी, इथं दगड सुटा आहे."

देवळाच्या दाराशी भिवरा थांबली. नारोशेटही थांबले, वाकलेलेच. आपला कोरडा तळहात ते पाहत राहिले.

महाराज म्हणाले, "नारोशेट, अर्धे वाकलाच आहात. आता पूर्णच वाकून घ्या."

सगळे हसले. नारोशेटही हसले. त्यांनी तिथल्या तिथे दंडवत घातला. आधी देवीला, मग महाराजांना. तिसऱ्यांदा ते भिवराकडे वळले तेव्हा ती लाजून मागे सरली. "शेटजी, नको, पाणी सांडेल!"

"मग एवढं तरी कर, भिवराबाई. अभिषेक माझ्या हातून होऊ दे."

तिने टोपली देवीपुढच्या फरशीवर ठेवली. नारोशेट तांब्याने पाणी काढून मुखवट्यावर घालू लागले, आणि धंद्याची सवय, मोठ्याने मोजूही लागले. सोळा तांबे पूर्ण भरले. सतरावा अर्धा भरला. त्यांनी टोपली उचलून खाली हात फिरवला. फरशी कोरडी होती.