पाय पोटाशी घेण्याबाबत

विषय : झोपताना पाय पोटाशी घेण्यासाठी एक दुपार मिळण्याबाबत.
संदर्भ : नदीकाठच्या टिटवीने समक्ष केलेला अर्ज.

बालमित्रांनो, वरील विषयाची हकिगत अशी की, एका जंगलात, नदीच्या वळणावर जिथे नुसते गोटेच गोटे आहेत तिथे, एक टिटवी राहत असे. ती उताणी झोपे, दोन्ही पाय वर करून. आभाळ कोसळले तर ते पायांवर झेलायचे, असे तिला तिच्या आईने शिकवले होते आणि आईला तिच्या आईने. टिटवीचे पाय काडीएवढे असतात आणि आभाळ केवढे असते, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण घराण्यात चालत आलेल्या कामाच्या बाबतीत असली तुलना करण्याची पद्धत नसते.

आता पाय वर करून झोप कशी लागणार? डोळा लागतो न लागतो तोच एखादा ढग जरा खाली सरकल्यासारखा वाटे, आणि हिची ‘टिटिव् टिव्, टिटिव् टिव्’ सुरू होई. सारे जंगल म्हणे, “काय ही कटकट!” ती कटकट आपल्याच डोक्यावरच्या आभाळासाठी चालली आहे, हे कुणाच्या ध्यानीमनीही नसे.

टिटवीला राहून राहून एकच गोष्ट आठवे. अंड्यातून बाहेर आल्यावरचे पहिले दोन-चार दिवस. तेव्हा तिला आभाळाचे काम शिकवलेले नव्हते. ती आईच्या पोटाखाली, उबेत, पाय पोटाशी घेऊन झोपली होती. वर आभाळ आहे की नाही, याची तिला कल्पनाही नव्हती. वर आई होती. तशी झोप आयुष्यात पुन्हा एकदा मिळावी, फार नको, एक दुपारभर, एवढेच तिचे मागणे होते. आणि आता दिवस थोडे उरले होते. गोट्यांमध्ये तिची चार अंडी होती. पिल्ले बाहेर आली की त्यांना झोपायला शिकवावे लागणार. त्यापूर्वी ती जुनी झोप खरेच तशी होती की आपल्याला नुसतीच तशी वाटते, हे तिला एकदा पाहून घ्यायचे होते.

“अगं, मग घे की पाय खाली,” अंड्यांवर बसलेला टिटवा म्हणाला.

“आणि आभाळ?”

“ते त्याचं बघेल.”

“तुमचं बरं आहे! तुमच्या घरात कुणी कधी जबाबदारी घेतलीच नाही. सासूबाईसुद्धा बसल्या बसल्या डुलक्या काढायच्या.”

सासूबाईंचा विषय निघाला की टिटव्याचे अंड्यांवर अधिकच लक्ष जाई. त्याने मान पिसांत घातली. टिटवी उडाली ती थेट वडाखाली गेली.

सिंहमहाराजांकडे जाणारे अर्ज वडाखालच्या कोल्ह्यामार्फत जात. कोल्ह्याच्या मागे ढोलीत वाळकी पाने रचून ठेवलेली होती. कुणी कोणते काम करायचे याचा हुकूम प्रत्येकाच्या नावे एकेका पानावर महाराजांचा पंजा उमटवून दिलेला असे. टिटवीचे म्हणणे ऐकून कोल्हा म्हणाला, “बसा, बाई. दप्तर बघावं लागेल.” आणि तो ढोलीत शिरला.

दप्तर बघायला गेलेला कारकून लवकर परत येत नाही, हे मी अनुभवाने सांगू शकतो. टिटवी बसून राहिली. वडाची सावली अशी दाट, की वर पाहिले तर पानांवर पाने. आभाळाचा एक तुकडाही दिसत नव्हता. पारंब्या हलत होत्या. टिटवीचे डोळे जड झाले, मान कलली, आणि पाय आपसूक पोटाशी आले.

जाग आली तेव्हा ऊन कलले होते. आपण झोपलो होतो आणि कसे झोपलो होतो, हे कळताच ती धडपडत उघड्यावर धावली. आभाळ जागच्या जागी होते. उलट, जरा उंचच वाटले. पलीकडे पाण्यात एक बगळा एका पायावर उभा होता.

“बगळेभाऊ, इतका वेळ तुम्ही धरलंत का?”

“काय?”

“आभाळ. तुमचा एक पाय वर आहे, म्हणून विचारते.”

“मी मासा धरत होतो, बाई,” बगळा म्हणाला, “तुम्ही बोलेपर्यंत.”

म्हणजे कुणीच धरले नव्हते! क्षणभर टिटवीला इतके हलके वाटले की पंख न पसरताच उडू असे झाले. पण तो क्षणभरच. पाठोपाठ आई डोळ्यांपुढे आली, उताणी, पाय वर, डोळे तारवटलेले. कुणी धरावेच लागत नसेल, तर आई जन्मभर काय करत होती? टिटवी वडाखाली परत आली.

कोल्हा पाने झटकत बाहेर येत होता. “टिटवीबाई, तुमच्या नावे किडे खाण्याचा हुकूम आहे, ओरडण्याचा आहे. आभाळाचा नाही. तुमच्या आईच्या नावेही नाही. ज्या कामावर नेमणूकच नाही, त्यातून सुट्टी देता येत नाही.”

उभ्या नोकरीत कोल्ह्याच्या तोंडून निघालेले हे एकमेव उपयोगी वाक्य. पण त्याने ते नेहमीच्या सवयीने नकाराच्या सुरात म्हटले, आणि टिटवीने ते नकार म्हणूनच ऐकले.

“मग आता हो काय करायचं?” तिने विचारले.

“आधी नेमणूक मागा. आभाळाच्या कामावर रीतसर हुकूम झाला, की मग सुट्टीचा विचार करता येईल.”

“आईच्या वेळेपासूनची मिळेल का?”

“तसं लिहितो,” कोल्हा म्हणाला, आणि त्याने तसे लिहिले. पान कासवाच्या पाठीवर ठेवून गुहेकडे रवाना झाले. महाराज त्या वेळी झोपले होते. त्यांचे चारही पाय खाली होते.

तिसऱ्या दिवशी अंडी फुटली. चार पिल्ले ओल्या पिसांनी गोट्यांत धडपडली, दमली, आणि दुपारी त्यांतले एक म्हणाले, “आई, झोपताना पाय कुठे ठेवायचे गं?”

टिटव्याने तिच्याकडे पाहिले. टिटवीने वर पाहिले. आभाळ निळे होते, स्वच्छ होते, फार उंच होते. मग तिने वडाच्या दिशेने पाहिले. तिकडून कुणी येत नव्हते. वडाखालची ती सावली तिला इथूनही दिसत होती.

“अर्ज दिलाय, बाळांनो,” ती म्हणाली. “उत्तर येईपर्यंत वर.”

आठ इवलेसे पाय वर गेले.

महाराज अद्याप उठलेले नाहीत. अर्ज विचाराधीन आहे.

तात्पर्य : जे ओझे कुणी दिलेलेच नाही, ते उतरवण्यासाठी परवानगी मागत बसू नये, घरात पिल्ले असतील तर मुळीच बसू नये.