चार वाजताच्या बोलण्याचा वसा

ऐका चार वाजताच्या बोलत्या देवा, तुमची कहाणी. अक्षता हातातच धरा बायांनो, आणि मागच्या जरा पुढं सरका. आवाज चढवायचं माझं वय राहिलं नाही.

आटपाट नगराच्या बाहेर एक कागदाची गिरणी होती. गिरणीला चाळीस घरांची वसाहत होती. चाळीस घरांत मिळून फोन एकच, तोही फाटकाजवळच्या ऑफिसात. कुणाचा फोन आला की शिपाई हाक मारी. मग बाई पदराला हात पुसत धावे. मागं दहा जणी उभ्या. म्हणून वसाहतीची रीतच पडली. बरी आहे म्हणावं, जेवले म्हणावं, ठेवते म्हणावं. लांबण लावील तिला बाकीच्या नावं ठेवत.

मग गिरणी बंद पडली. एक घर गेलं, दुसरं गेलं, पाहता पाहता एकोणचाळीस घरांना कुलपं लागली. राहिली एकटी पंचफुलाबाई. नवरा देवाघरी गेला होता, लेक कुंदा सुरतेला दिली होती. लेकीनं मोबाइल घेऊन दिला. दर रविवारी फोन करी. "आई, कशी आहेस?" "बरी आहे." "जेवलीस?" "जेवले. ठेवते." ऑफिस गेलं, शिपाई गेला, रांग गेली, पण रीत काही गेली नाही.

असे दिवस गेले, वर्षं गेली. पंचफुलाबाई उठे, दोन घास खाई, दारात बसून राही. बोलणार कुणाशी? मग एके दिवशी भातात दोनदा मीठ पडलं. म्हणाली, होतं असं. मग एके दिवशी भलत्याच घराच्या कुलपाला आपली किल्ली लावीत दुपारभर उभी राहिली. म्हणाली, ऊन फार होतं. मग एका रविवारी फोन वाजला. कानाला लावला, आवाज ओळखला, आणि पोटच्या पोरीचं नाव काही आठवेना. तरी तोंडानं म्हणाली, बरी आहे, जेवले, ठेवते. तीन बोलांत लेकीला काय कळणार? आईनं कळू दिलं नाही.

मग काय झालं, गावातली नर्सबाई रक्तदाब मोजायला आली. उन्हातून चालून दमली होती. दाराशी टेकली आणि विचारलं, "बाई, सकाळी काय जेवलात?"

"जेवले."

"ते कळलं. काय जेवलात?"

पंचफुलाबाई भांड्यांकडं बघू लागली. भांडी घासून पालथी घातलेली, ती काय सांगणार? बाईच्या डोळ्यांना धार लागली. म्हणाली, "माझं सगळं पुसत चाललंय. आज लेकीचं नाव गेलं, उद्या माझं जाईल. मला काही उपाय सांगा."

नर्सबाई म्हणाली, "मोठ्या दवाखान्यात दाखवू, गोळ्या देतील त्या घ्या. पण एक वसा आहे, तो तुमचा तुम्हीच करायचा. तुम्ही कंटाळाल, टाळाल, अर्ध्यात सोडाल."

"कंटाळणार नाही, टाळणार नाही, अर्ध्यात सोडणार नाही."

"मग ऐका. डोंगरापलीकडं माझ्या माहेरच्या वस्तीवर तानूबाई आहे. तुमच्याच वयाची, तुमच्यासारखीच एकटी. रोज चार वाजता तिला फोन करावा. कालची एक गोष्ट सांगावी, आजची एक सांगावी, उद्याची एक सांगावी. तिच्या तीन ऐकाव्या. दुसऱ्या दिवशी आधी तिचं कालचं तिला सांगावं, मग आपलं."

"आणि उद्यापन कधी?"

"ह्याला उद्यापन नाही."

पहिल्या दिवशी चार वाजता पंचफुलाबाईनं फोन लावला. "बरी आहे. जेवले. ठेवते," म्हणाली आणि ठेवला. लगेच उलटा फोन आला. तानूबाईचा आवाज खरखरीत. "ठेवतेस कशी गं? तुझ्या मागं कोण उभं आहे?"

पंचफुलाबाईनं खरंच मागं वळून पाहिलं. कुलपं लावलेली घरं आणि गुडघाभर गवत. "कोणी नाही," म्हणाली.

"मग बस की." ती बसली.

पण सांगावं काय? काल काही घडलंच नव्हतं. म्हणून घडवावं लागलं. सांगायला हवं म्हणून वाल पेरले. सांगायला हवं म्हणून फाटकापर्यंत चालत गेली. सांगायला हवं म्हणून गावातल्या दुकानदाराच्या सुनेला नाव विचारलं. तानूबाई तिची काळी शेळी सांगे, गळका पत्रा सांगे. ते ध्यानात ठेवावं लागे, नाहीतर तानूबाई दुसऱ्या दिवशी चांगलीच झाडून काढी. मग किल्ली आपल्याच दाराला लागू लागली. मग भात चवीला आला. मग एका रविवारी फोन वाजला तशी पंचफुलाबाई म्हणाली, "कुंदा, ठेवू नकोस, तीन गोष्टी सांगायच्यात." लेक पलीकडं मुकाट रडली.

बरं वाटलं की वसा जड होतो. तुम्हां-आम्हांला ते कुणी शिकवायला नको. चार महिन्यांनी एके दिवशी पंचफुलाबाई म्हणाली, आज कान दुखतो. दुसऱ्या दिवशी म्हणाली, रोज शेळीचंच काय ऐकायचं? तिसऱ्या दिवशी चार कधी वाजले ते कळलंच नाही. तानूबाईचा फोन दोनदा येऊन वाजला, हिनं उचलला नाही. मग यायचा थांबला. असा महिना गेला.

मग वेलावर शेंगा धरल्या. ओंजळभर तोडल्या आणि वाटलं, हे तानूला सांगावं. फोन लावला. "तानू, वालाला शेंगा आल्या गं."

"कोण?"

"अगं, मी पंचफुला."

"कोण पंचफुला?" मग तानूबाई म्हणाली, "बरी आहे. जेवले. ठेवते."

पंचफुलाबाईच्या मनानं जाणलं, वसा एकीनं टाकला आणि फळ दुसरीच्या पदरात पडलं. तिनं पुन्हा फोन लावला. "ठेवतेस कशी? तुझ्या मागं कोण उभं आहे?" मग तानूचंच तानूला सांगू लागली. तुझी शेळी काळी आहे. तुझा पत्रा मोरीवर गळतो. रोज चार वाजता तेच सांगी. कधी तानू हूं म्हणे, कधी मधेच ठेवून देई. घसा बसे, जीव विटे. तरी टाळलं नाही, सोडलं नाही.

मग एकदा पंचफुलाबाईला ताप भरला. अंथरुणातून हात उचलेना. चार वाजले. तिला वाटलं, आज वसा मोडला. तोच फोन वाजला. पलीकडं तानूबाई.

"बाई, तुझं नाव काही आठवत नाही. हिरवं बटण दाबलं की तूच येतेस, एवढं ठाऊक आहे. चार वाजून गेले, बोलली नाहीस. शेंगा तोडल्यास का?"

"उद्या तोडीन," पंचफुलाबाई म्हणाली, आणि तशीच पडून बोलत राहिली.

जसा तिला चार वाजता फोन आला, तसा तुम्हां-आम्हांला येवो. नाव विसरलं तरी वेळ ध्यानात राहो. साठां उत्तरांची होती, पाचांत सांगितली, सुफळ झाली. अक्षता वाहा, आणि घरी गेल्यावर ज्या कुणाला लावायचा राहिलाय तिला फोन लावा. सावकाश बोला. मागं कोणी उभं नाही.