पाठमोरा दिवा

फार मागची गोष्ट. समुद्रातल्या एका बेटावर जुना दीपस्तंभ होता. त्याचं नाव मोठं, म्हणून बोकड, गाढव आणि कोंबडी होडीत बसून तो बघायला आली. त्यांना उतरवून होडी म्हणाली, "गावाला एक खेप करून येते. दिवेलागणीला तुम्हाला नेईन."

संध्याकाळी दिवा रोजच्यासारखा समुद्राकडे तोंड करून उजळला. बोकडाला ते फार झोंबलं.

"आम्ही एवढ्या लांबून आलो आणि हा पाठ करून बसलाय! घराला काही वळण आहे की नाही?"

"खाली खडक आहेत, बाबांनो. होडी यायची वेळ झाली," दिवा म्हणाला.

"होडी काय, रोजचीच," कोंबडी म्हणाली. "पाहुणे रोज येतात का?"

दीपस्तंभ पडला खानदानी. तो दिव्यावर खेकसला, "फिर मेल्या इकडे! नाक कापशील माझं."

दिवा बिचारा फिरला. मग काय विचारता! गाढवाचे कान सोन्यासारखे झळकले. कोंबडीने मान वाकडी करून पिसं फुलवली. सगळ्यांचं 'वा वा' चाललं होतं, तेवढ्यात खाली काळोखात फळी फुटल्याचा आवाज आला.

"दिवा कुठं गेला रे?" खडकावर आपटलेली होडी विव्हळत विचारत होती.

दिवा झटकन वळला. आता होडीला पडलेलं भोक अगदी स्वच्छ दिसत होतं.

पाहुण्यांना दीपस्तंभ फार आवडला. बरंच झालं म्हणायचं, कारण ते अजून तिथंच आहेत.