बारा दगडांचा मलिदा

सागवण्याच्या खाडीकाठी, उंडीच्या झाडाखाली बारा दगड गोलाकार मांडलेले आहेत. मध्ये काहीच नाही. पाहुणे हमखास विचारतात, "मधला उंच दगड कुठे गेला?" गावचे एलोजी आबा सांगतात, तो कधी नव्हताच, एका माणसाला मात्र तो व्हायची हौस होती.

शनिवारी, देवाने सांगितलेल्या विसाव्याच्या दिवशी, घाणा न जुंपणारे इथले तेली म्हणजे बेने इस्राएल, कोकणातले ज्यू. पूर्वजांचे गलबत फुटले, ग्रंथ बुडाले, आपण कोणत्या वंशाचे हे सांगणाराही उरला नाही. तरी इस्राएलाचे वंश बारा, म्हणून गावात दगड बारा. यहूदाचा वंश राजांचा, म्हणून त्याचा दगड सगळ्यांना हवा, दान नावाच्या वंशाचा कुणालाच नको. शेवटी चिठ्ठ्या टाकून बारा घरांना एकेक दगड दिला म्हणे. नियम एकच होता. मलिद्याच्या, म्हणजे देवाचे आभार मानायच्या, दिवशी दरेक दगडावर गोड पोह्यांचे पान वाढायचे. ज्या घराच्या वतीने जो बोलेल, त्याने त्या घरचे पान संपवायचे.

हसाजी मुकादमाने सगळ्या घरांच्या वतीने बोलणे तेवढे घेतले आणि पाने न खाता बैलांपुढे टाकली. कुणाला ताप, कुणाला भांडण नको. "मुकादम बोलतील की!" म्हणत एकेक जण मोकळा झाला. शिमोन वंशाच्या दगडावरचा माणूस वारला, तेव्हा तोही दगड हसाजीने आपलाच मानला.

त्या माणसाची बायको लेआबाई आता घाणा चालवत होती. मरताना नवऱ्याने तिच्याकडून एकच वचन घेतले होते: शनिवारी घाणा फिरवायचा नाही. आणि इनामदाराला नेमके शनिवारीच बाराही घरांच्या घाण्यांचे ताजे तेल हवे होते. होकाराच्या बदल्यात मुकादमाला त्याच्या दरबारात गादी मिळणार होती. उत्तर न्यायला शिपाई ऐन मलिद्यात येऊन उभा राहिला.

"बाराही घरांचं मीच सांगतो," हसाजी म्हणाला.

"मोशेला एकट्याला भार झेपेना, त्याला सत्तर वडीलधारे जोडीला लागले," लेआबाई म्हणाली. "तुम्हाला बरा झेपतो, भावजी!"

"वहिनी, बाईमाणसानं इथं बोलू नये."

"नाही बोलत. तुम्ही बोला. पण आधी जेवा. बारा पानं आहेत."

शिपाई हसला. झाले, मुकादमाची मान ताठ झाली आणि तो जेवायला बसला. उन्हाने खोबरे आंबले होते, पानांवर माश्या घोंगावत होत्या. पाचव्या पानाला गूळ हनुवटीवरून छातीवर ओघळला. सातव्याला तो बोटांनी घास आत कोंबू लागला. बाकीचे कर्ते पुरुष आपापल्या पायांच्या अंगठ्यांकडे बघत राहिले. लेआबाई मात्र त्याच्याकडे नव्हे, या पुरुषांकडे बघत होती.

"उत्तर काय कळवू?" शिपायाने विचारले.

हसाजीने तोंड उघडले. जे बाहेर आले ते उत्तर नव्हते. धोतर, यहूदाचा दगड, शिपायाच्या वहाणा, सगळे माखले. तेव्हा मात्र पुरुषांना आपापली नाके धरायचे सुचले.

लेआबाई शिमोनाच्या दगडावर जाऊन बसली. तिथले पान अजून शिल्लक होते. माश्या उडवून, आंबूस पोहे एकेक घास गिळत तिने ते संपवले.

"शिमोनाच्या घरचा घाणा शनिवारी बंद," ती म्हणाली.

मग कुठे एकेक जण पुढे आला. ज्यांची पाने मुकादमाच्या पोटात जाऊन परत आली होती, त्यांनी घरून पोहे आणले, आपल्या तोंडाने खाल्ले आणि आपल्या तोंडाने बोलले. इनामदार चिडला म्हणे. पण तेल त्याला हवेच होते, आणि बारा घरांची समजूत घालणे एका माणसाला गादी देण्याइतके सोपे नसते.

आता बहुतेक घरे इस्राएल देशात राहायला गेली. आजही मलिद्याच्या दिवशी बाराही दगडांवर पाने वाढतात. जे घर हजर नाही, त्याच्या पानाला कुणी हात लावत नाही. कावळे खातात. कावळे निदान त्या घराच्या वतीने बोलत नाहीत.