खंड्याची फुकटची फांदी

पाखरं जागेचं भाडं माशांत देत, तेव्हाची गोष्ट. नदीवरच्या फांदीची मालकीण घार दोन मासे धरले की एक मागायची. जन्मभर मासेमारीत रमलेल्या खंड्याला म्हातारपणी ते परवडेना.

भाद्रपदात त्याला माळावर तुडुंब तळं दिसलं. काठच्या बाभळीवर जागा फुकट! शेजारीण टिटवी म्हणाली, "आजोबा, पाण्याकाठची जागा वैशाखात बघावी. भाद्रपदात डबकंही समुद्र वाटतं."

"मला मासेमारी शिकवतेस?" खंड्या खेकसला आणि तिथेच राहिला.

वैशाखात तळं आटून भेगा पडल्या. नदीपर्यंत उडायचं बळ पंखांत उरलं नव्हतं. टिटवीने आणलेले नाकतोडे गिळून खंड्या रोज त्या भेगांवर नेम धरून बसे.

"काय बघता, आजोबा?"

"काही नाही गं. नदीवर दोनातला एक तरी माझा होता."